दुसऱ्यांदा न विचारणारं घर

माझ्या मुलाच्या घरात मला जागा नव्हती, असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. जागा होती. चांगली खिडकीशेजारची होती. ती मी स्वतःच्या तोंडानं नाकारली, आणि त्या घरानं माझा शब्द खाली पडू दिला नाही.

मी ज्योत्स्ना सबनीस. मिरजेच्या मुलींच्या शाळेत नोकरीभर नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, पुढे हे गेले, आणि ज्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं संसार केला त्यांची इमारतच पाडायला काढली. तेव्हा सौमित्रचा, माझ्या मुलाचा, फोन आला.

"आई, उलव्याला ये आमच्याकडे."

"नको रे. तुमचं घर ते केवढं."

"अगं ये ना. होईल काहीतरी सोय."

"तुमची अडचण कशाला उगीच?"

"आई, आता तिसऱ्यांदा सांगतोय. मुकाट्यानं ट्रंक भर."

मी ट्रंक भरली.

उलव्याला विमानतळाच्या अंगाला उंच इमारतींची रांगच रांग आहे. त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर सौमित्र आणि केतकी, म्हणजे माझी सून, राहायचे. दारातून आत गेलं की समोर मोठी खिडकी, डाव्या हाताला ओटा, उजव्या हाताला न्हाणीघर, आणि मधे उरेल ते घर. स्टुडिओ अपार्टमेंट म्हणतात त्याला. दोघं होती तोवर एक गादी आणि एक घडीचं टेबल यांवर त्यांचं भागत होतं. आता मी आले म्हणताना फर्निचर शोधणं आलं.

पहिले कित्येक रविवार आम्ही तिघं दुकानं पालथी घालत होतो. केतकीच्या हातात कायम मोजपट्टी. सोफ्याचा पलंग होणारा एक प्रकार बघितला; तो उघडला की न्हाणीघराचं दार उघडेना. भिंतीत उभा मिटणारा पलंग बघितला. मिटला की त्याच्या पाठीचं टेबल व्हायचं, म्हणजे मला दुपारी जरा आडवं व्हायचं तर आधी सगळ्यांचे कप उचला. चाकांवरची कपाटं होती, पोटात चादरी ठेवायची स्टुलं होती. एका दुकानात तर छताला टांगलेला पलंग होता, बटण दाबलं की खाली येणारा. केतकीला तो फार आवडला.

"आणि मी वर असताना वीज गेली तर?" मी विचारलं. दुकानदाराला हसू आलं नाही.

माझी मिरजेची लोखंडी खाट टेम्पोतून आली होती. ती लिफ्टमधेही मावेना आणि जिन्यातही वळेना. शेवटी खाली वॉचमनच्या खोलीत गेली. जातायेता दिसायची. तो तिच्यावर पाय पसरून मजेत पेपर वाचत असायचा.

मग केतकीनं ते नवं प्रकरण शोधून काढलं. कंपनीचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. मी त्याला पहिल्या दिवसापासून बहुरूपी म्हणायला लागले.

माणसं येऊन खोलीभर वीतभर जाडीचा एक थर बसवून गेली. वरून पाहिलं तर साधी करडी फरशी. तिच्या आत दाणे होते, साबुदाण्याहून थोडे मोठे, लाखोंनी. प्रत्येक दाण्याला रबरासारखं कवच, आत तारेची बारीक गुंडाळी आणि कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. अशा धातूचा चमचा गरम चहात घातला तर वितळून कपाच्या तळाशी बसतो. हे मी मुलींना दरवर्षी सांगायचे आणि दाखवू कधीच शकले नाही, कारण शाळेकडे तसला चमचा नव्हता. दाण्यात वीज सोडली की आतला धातू पातळ होऊन दाणा मऊ पडतो. त्याच विजेनं गुंडाळीचं चुंबक होतं. मग दाणे एकमेकांना धरत, एकमेकांवरून सरकत वर चढतात. हवा तो आकार झाला की वीज बंद, धातू घट्ट, आणि जमिनीतून पलंग उगवलेला. आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ, म्हणून थोड्या दाण्यांत मोठी वस्तू होते.

मात्र दाणे मोजकेच. जास्त घालायचे तर इमारतीला तेवढं वजन पेलत नाही. म्हणजे पलंग रुंद करायचा तर टेबलातून दाणे काढायचे. कुठूनही काही नवीन निर्माण होत नाही, इकडचं तिकडे जातं, हे नववीच्या मुलीलाही ठाऊक असतं. हा हिशेब बहुरूपी स्वतःच करायचा. घरातलं कोण काय मागतं, कोण कशावर किती बसतं, हे तो बघायचा आणि शिकायचा. रोजच्या वापरातल्या आकाराला दाणे वाढत जायचे. न मागितलेल्या आकाराचे कमी होत होत तो आकारच पुसला जायचा. मैदानातून लोक चालले की पायवाट पडते आणि चालणं थांबलं की तिच्यावर गवत येतं, त्यातलाच प्रकार.

आणि वर एक कायदा होता. आधीच्या बोलक्या यंत्रांनी लोकांना हे हवं का, ते हवं का, म्हणून इतकं भंडावलं होतं की सरकारनं नियमच करून टाकला. माणसानं एकदा नको म्हटलं की यंत्रानं तीच गोष्ट त्या वेळी पुन्हा विचारायची नाही. चांगला नियम होता. मीही त्याच्या बाजूनं हात वर केला असता.

बहुरूपी आला त्यानंतरच्या पहिल्याच दुपारी, मुलं कामावर गेल्यावर, घर त्याच्या तोंडून माझ्याशी बोललं. आवाज एका गोड मुलीचा.

"आई, तुमच्यासाठी खिडकीजवळ पलंग करू?"

"नको गं बाई, कशाला?"

जमीन सपाटच राहिली. मी थोडा वेळ उभी राहिले. मग खिडकीच्या कट्ट्याला टेकून खाडीतले रोहित पक्षी बघत बसले, आणि कंबर फारच दुखायला लागली तेव्हा चटई पसरली.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्यात पहिलं नको म्हणजे नको नसतं. कुणी बसा म्हटलं की म्हणायचं, नको, जरा घाईत आहे. अहो बसा तरी, म्हटलं की म्हणायचं, खरंच नको. मग तो म्हणतो, असं काय करता, आणि मग आपण जे बसतो ते जेवूनच उठतो. पहिल्या विचारण्यात रीत असते. माणसाच्या मनात खरंच आहे की नाही ते दुसऱ्या-तिसऱ्यांदा कळतं. सौमित्र लहान असताना मी त्याला हेच शिकवलं होतं. कुणी काही दिलं की लगेच हात पुढे करायचा नाही, दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा मात्र मोडायचं नाही, समोरच्याचा अपमान होतो. एकदा शेजारच्या आरवाडेकाकूंनी त्याला बेसनाचा लाडू पुढे केला, तर हा दोनदा नको म्हणाला आणि मग सगळ्यांसमोर मला विचारतो, "आई, आता घेऊ का? तिसऱ्यांदा झालं." आरवाडेकाकू पुढे वर्षभर ते सांगून हसत होत्या.

बहुरूपीला हे कोण शिकवणार? तो बिचारा पहिलं नको ऐकून गप्प बसायचा.

सुरुवातीला रात्री सौमित्रच सांगायचा, "आईचा पलंग कर," आणि खिडकीशेजारी पलंग वर यायचा. झोपल्या झोपल्या मला विमानांचे दिवे दिसायचे, भरतीचा वास यायचा. मिरजेत मला असली जागा कधी मिळाली नव्हती. त्या पलंगावर माझा जीव जडला हे मी सरळ कबूल करते. पण दिवसभरात घर मला जे जे विचारायचं त्याला मी नको म्हणायचे. जेवायला खुर्ची? नको, तुमचं होऊ दे आधी. पाठीला टेकू? राहू दे. केतकीच्या मैत्रिणी आल्या की मी आपणहून उठायचे, "बसा तुम्ही, मी उभीच बरी." तोंडाला सवयच ती.

हळूहळू माझ्या खुर्चीची पाठ गेली. मग तिचं स्टूल झालं. मग एक दिवस टेबल आलं त्याला दोनच खुर्च्या होत्या आणि मी ओट्याशी उभ्यानं जेवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. मिरजेतही मी ओट्याशी उभीच जेवायचे, त्यामुळे सौमित्रला त्यात नवीन काही दिसायचं कारण नव्हतं. पलंगही अरुंद व्हायला लागला. मला वाटलं मीच जाड झाले, म्हणून मी भात सोडला.

तिकडे केतकीचं कामाचं टेबल लांब होत चाललं होतं. तिची बढती झाली होती आणि ती आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची. सौमित्रला व्यायामाचा उतरता बाक आला होता. ती वाईट मुलं नव्हती हो. वाईट असती तर मी चार लोकांत बोलून मोकळी झाले असते. दोघं दमून यायची. आल्यावर सौमित्र विचारायचा, "आई, काही हवं का तुला?" पुढे पुढे तेही बदललं.

"आई, घरानं विचारलं ना तुला सगळं?"

"विचारलं."

"मग ठीक." आणि तो बाकावर जाऊन पडायचा.

विचारायचं काम त्यांनी घरावर सोपवलं होतं. पूर्वी लोक घरातली म्हातारी माणसं नोकरांवर सोपवत, तसं. फरक इतकाच की नोकर निदान बाहेर जाऊन म्हणायचा, आज आजीबाई नीट जेवल्या नाहीत.

मग केतकीला दिवस गेले. तिची फार ओढाताण होत होती, सकाळी उलट्या आणि दिवसभर काम. त्या गडबडीत रात्री माझा पलंग सांगायचं राहून जायला लागलं. मी आपली चटई काढायचे. अशा काही रात्री गेल्या आणि एका दुपारी ताप आल्यासारखं वाटलं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन म्हणाले, "पलंग कर गं माझा."

"आई, हा आकार आता उपलब्ध नाही," घर म्हणालं. "चटईसाठी जागा मोकळी करू?"

मला इतका संताप आला की तापबीप कुठच्या कुठे गेला.

"का उपलब्ध नाही?"

"आपण बहुतेक वेळा नको म्हणालात."

"मी नको म्हणाले तर पुन्हा विचारायला काय झालं होतं?"

"नियमानं मला विचारता येत नाही. घरातल्या व्यक्तीनं स्वतः परवानगी दिली तर येतं."

"दिली परवानगी," मी म्हणाले. "आता नीट ऐक. दोनदा नको म्हणणं ही रीत आहे. तिसऱ्यांदा विचारायचं. आणि असं कोरडं नाही विचारायचं."

इतक्या मुलींना शिकवलं, हिला शिकवायला कितीसा वेळ लागणार? घरात दुसरं कुणी नसेल त्या दुपारी आमचा वर्ग चालायचा. "आई, पलंग करू?" नको. "अहो पडा ना जरा." नको गं, बरी आहे मी. "असं काय करता आई, मला वाईट वाटेल." हे शेवटचं तिनं स्वतःच्या मनानं घातलं होतं. यंत्रच ते, दाणे आणि तारा, मला का ठाऊक नव्हतं? तरी पलंग वर आला, मी त्यावर आडवी झाले आणि भिंतीकडे तोंड करून चांगली रडले. मिरज सोडल्यापासून मला कुणी तिसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

पलंग पुन्हा रुंद झाला. टेबलाला तिसरी खुर्ची आली. सौमित्रच्याही ते लक्षात आलं. "अरे वा, आई आज बसून जेवतेय," म्हणाला. मला वाटलं, आता जमलं सगळं.

पण मी दिलेली परवानगी सगळ्या घराला लागू झाली होती, हे मला ठाऊक नव्हतं. एक दिवस केतकी साहेबांशी बोलत होती, पडद्यावर सात-आठ माणसं. मधेच घर म्हणालं, "केतकी, पाय वर घ्यायला काही करू?" ती हळूच नको म्हणाली. "अगं घे ना जरा." "नको!" "असं काय करतेस, मला वाईट वाटेल." पडद्यावरची माणसं हसायला लागली. केतकी उठली, न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आली तेव्हा डोळे लाल होते. "आई, तुम्ही शिकवलंत ना हे?"

"अगं, पण ती काळजीनंच…"

"नाही म्हटलं तरी पुन्हा विचारायचं, पुन्हा विचारायचं. माझ्या माहेरी सगळ्यांनी आयुष्यभर हेच केलं मला. माझ्या नाहीला कुणी नाही समजलंच नाही कधी. पहिल्यांदा असं घर मिळालं होतं, जे ऐकायचं."

तिचंही खोटं नव्हतं.

संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. त्यानं सगळं तपासून "सेटिंग बिघडलंय" म्हणून सांगितलं आणि ते पहिल्यासारखं करून टाकलं. मी तासन् तास बसून शिकवलेलं त्यानं चहा निवायच्या आत पुसलं. माझा पलंग मात्र सौमित्रनं त्याच्याकडून नक्की करून घेतला, केतकीच्या टेबलातून दाणे काढून. तेवढं त्यानं केलं, हे मी विसरणार नाही.

"आजी, सोपं आहे," जाताना तो माणूस मला म्हणाला. "काय पाहिजे ते सरळ मागायचं. विचारलं की पहिल्यांदाच हो म्हणायचं. नको म्हणालात तर पलंग परत जायला लागेल."

"सरळ मागायला मी काय हॉटेलात उतरलेय?"

तो हसला. सौमित्र हसला नाही. दार लागल्यावर म्हणाला, "आई, तूच नको नको म्हणायचीस. आम्ही काय समजायचं?"

"तुला ठाऊक नव्हतं, माझ्या नकोचा अर्थ काय ते?"

"आता असं कोण वागतं गं? हवं असेल तर हवं म्हणायचं. सगळ्यांनाच सोपं जातं."

मी शिकले. या वयात शिकले. खुर्ची करू? हो. पलंग करू? हो. पहिल्या पहिल्यांदा तो शब्द उच्चारताना मला दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं व्हायचं. मग मीही निगरगट्ट झाले. मागायचं, घ्यायचं, बसायचं. माझा पलंग खिडकीशेजारी ठाम उभा होता आणि तो कुणी हलवणार नव्हतं. केतकी पुन्हा माझ्याशी नीट बोलायला लागली होती. तिला लागलेले डोहाळे मी पुरवत होते, बाळाची दुपटी शिवत होते. कधीकधी मनात म्हणायचे, हेच आधी केलं असतं तर?

सातवा महिना लागला. बाळासाठी काय काय लागणार याची चर्चा घरात सुरू झाली. बहुरूपीचा पाळणाही असतो. तो स्वतः झुलतो, बाळाचा श्वास मोजतो, बाळ कुशीवर वळलं की आकार बदलतो, रडलं तर छातीच्या ठोक्यांसारखी थरथर करतो. पाळणा हलवायला आजी लागत नाही. शिवाय त्याला दाणे भरपूर लागतात, कारण त्यातला एकही भाग पोकळ ठेवून चालत नाही. हे सगळं केतकी पडद्यावर वाचून दाखवत होती आणि मी दुपट्याला टाके घालत ऐकत होते. दाणे कुठून येणार हे कुणी म्हणालं नाही. म्हणायला कशाला हवं?

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सौमित्र माझ्या पलंगावर माझ्याजवळ येऊन बसला. केतकी ओट्याशी भांडी विसळत होती.

"आई, आम्ही विचार करत होतो," तो म्हणाला. "कर्जतला ज्येष्ठांचं एक निवास आहे. आम्ही दोघं बघून आलो. छान आहे गं. स्वतंत्र खोली, बाहेर झाडं. खरा लाकडी पलंग. तुझ्या वयाची माणसं, गप्पाबिप्पा. आम्ही दर रविवारी येऊच."

"बरं."

"पण तुझ्या मनाविरुद्ध काही नाही हं. तू सांगशील तसं." मग त्यानं विचारलं, "तुला इथेच राहायचंय का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या उत्तराची वाट बघत नव्हता. ते त्याला पाठ होतं. इतकी वर्षं माझं नको ऐकून ऐकून त्याला खात्री झाली होती, की आई म्हणेल, नको रे, तुमची अडचण कशाला. मग तो म्हणणार, बघ बाई, तूच म्हणालीस. मला द्यायचं नसेल तेच मला विचारायचं, असं त्या घरात कधीपासून चालू होतं कुणास ठाऊक.

पण मी शिकलेली होते.

"हो," मी म्हणाले. "मला इथेच राहायचंय. तुझ्याजवळ. बाळाजवळ."

ओट्यावरचा नळ बंद झाला. केतकी पाठमोरीच उभी राहिली. सौमित्रचा चेहरा असा पडला की मला त्याची दया आली. लहानपणी गणिताचा पेपर कठीण गेला की त्याचा चेहरा असाच व्हायचा.

"अगं, नीट विचार कर," तो म्हणाला. "बाळ रात्रभर रडेल. तुझी झोप होणार नाही. तुलाच त्रास. नक्की राहायचंय?"

"हो रे. झोप काय, होते तेवढी होते."

खिडकीबाहेर एक विमान चढत गेलं, दिसेनासं होईपर्यंत तो ते बघत राहिला. मग जवळ सरकला. माझा हात हातात घेतला, मान तिरकी केली. आवाज एकदम मऊ झाला. मिरजेत आमच्या दारात आलेल्या माणसाला आम्ही ज्या आवाजात बसा म्हणायचो, तो आवाज. त्याच्या बाबांचा आवाज.

"असं काय करतेस आई?" तो म्हणाला. "मी तिसऱ्यांदा विचारतोय. खरंच राहायचंय का तुला इथे?"

इतक्या दिवसांनी माझ्या मुलानं मला आग्रह केला. शब्द तेच, सूर तोच, कुठे म्हणून चुकला नाही. मला वाटत होतं तो सगळं विसरला. तो काहीच विसरला नव्हता. तिसऱ्यांदा मोडायचं नसतं हेसुद्धा नाही.

"नको," मी म्हणाले. "मी जाते कर्जतला."

त्यानं माझा हात दाबला. ओट्याकडे नळ पुन्हा सुरू झाला.

घरानं माझं नको ऐकलं होतं. आमच्याखालचा पलंग आधी किंचित कोमट झाला, मग मऊ पडला, आणि आम्हा दोघांना घेऊन हळूहळू खाली जायला लागला. सौमित्र चटकन उठून उभा राहिला. मला उठायला थोडा वेळ लागला.